गाळाखालचं रान

दीड महिना समुद्रात काढून मी सुट्टीवर घरी आले, तेव्हा माजलगावच्या स्टँडवर दादा मला न्यायला आले होते. माझे वडील असे कधी कुणाला न्यायला येत नसत. शिकायला असताना मी कितीदा तरी बसमधून उतरून एकटीच गावापर्यंत गेले आहे. म्हणून त्यांची पांढरी टोपी गर्दीत दिसली तशी मला आधी आईची काळजी वाटली.

"आई बरी आहे ना?"

"तिला काय झालंय? चल, रिक्षा थांबवलीय."

रिक्षात बसल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "सोसायटीची मिटिंग झाली परवा. मी तुझं नाव दिलंय."

"कशाला?"

"गाळ काढायचाय धरणातला. कुठला चांगला, कुठला वाईट, कुणाला कळंना. मी म्हनलं, माझी पोरगी चिखलाचाच अभ्यास करती. ती आली की सांगंल."

आमचं गाव धरणाच्या काठावर आहे. खरं तर गावाची ही दुसरी जागा. जुनं गाव आणि त्याची सगळी काळी जमीन सिंदफणा नदीवर धरण बांधलं तेव्हा पाण्याखाली गेली आणि माणसं वर माळावर येऊन राहिली. त्या माळावरच गावानं सहकारी उपसा सिंचन सोसायटी काढली. धरणातून पाणी उचलायचं आणि आपल्या नव्या, मुरमाड रानांना पाजायचं. दादा त्या सोसायटीचे कितीतरी वर्षं सचिव होते. निवृत्त झाले तरी सोसायटी त्यांच्या अंगातून निघाली नव्हती.

त्या वर्षी धरणात पाणी नव्हतंच म्हटलं तरी चालेल. लागोपाठ दुसरा की तिसरा उन्हाळा. सोसायटीचे जाडजूड पाइप काठावरून खाली गेलेले आणि त्यांची तोंडं भेगाळलेल्या चिखलावर उघडी पडलेली. पाणी मैलभर आत, मधल्या खोलगट भागात, एखाद्या डबक्यासारखं उरलं होतं. गावात टँकर यायचा. जनावरं छावणीला गेली होती.

आदल्या उन्हाळ्यातही लोकांनी गाळ उचलला होता. जवळ पडतो म्हणून नदी धरणात शिरते तिथला. गावातल्या एका काकूंनी तो आपल्या दोन एकरांत टाकला. पहिल्या सरीनंतर ऊन पडलं आणि रानावर पापडी धरली, ती इतकी घट्ट की पेरलेलं बी वरच आलं नाही. काकूंना नवरा नव्हता, मुलगा पुण्याला. दोन एकर हेच त्यांचं सगळं. त्या मिटिंगीत उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "आता पुन्यांदा कुनी मला गाळ म्हनलं तर त्याच्याच तोंडात घालीन." त्यावर दादांनी माझं नाव दिलं होतं.

माझ्या कामाबद्दल घरात नेमकं कुणालाच माहीत नव्हतं. मी समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाची भूशास्त्रज्ञ. गोदावरी जिथे बंगालच्या उपसागराला मिळते, त्याच्याही पुढे, खोल पाण्यात आमचं जहाज उभं असे. वरून लांबच लांब पाइप सोडायचा, तो तळाच्या गाळात घुसवायचा आणि आत शिरलेला गाळ तसाच्या तसा, दंडगोलासारखा वर काढायचा. मग तो उभा चिरून टेबलावर मांडायचा आणि थराथराचं वर्णन लिहायचं. रंग कसा, कण किती बारीक, शिंपले आहेत का, भेगा आहेत का. चिकणमाती आणि तिच्याहून थोडा भरड पोयटा यांतला फरक कळत नसेल तर एक खात्रीचा उपाय असतो. चिमूटभर दातांमध्ये घ्यायची. लोण्यासारखी वाटली तर चिकणमाती, कचकचली तर पोयटा. आमच्या जहाजावर लाखमोलाची यंत्रं होती, तरी मोठे मोठे शास्त्रज्ञ टेबलाशी उभे राहून चिखल चावत असत.

त्या दिवशी जेवताना आईनं विचारलं, "पन त्या गाळात तुमी हुडकता काय?"

"बर्फ," मी म्हणाले. "जळणारा बर्फ."

तिनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

मी तिला सांगितलं. समुद्रात खोल खाली फार थंडी असते आणि वरच्या पाण्याचं ओझं प्रचंड असतं. गाळातल्या कुजलेल्या पालापाचोळ्यातून, जीवजंतूंमधून वायू निघतो. त्या थंडीत, त्या ओझ्याखाली पाणी त्या वायूला आत कोंडून गोठतं. दिसायला साधा पांढरा बर्फ. वर आणला की ओझं कमी होतं, ऊब लागते आणि तो चरचरायला लागतो, तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यासारखा. एकदा प्रयोगशाळेत आमच्या वरिष्ठांनी रीतसर परवानगी घेऊन माझ्या हातमोज्यावर त्याचा एक तुकडा ठेवला आणि पेटवला. वर जाळ आणि खाली बोटांतून पाणी गळतंय.

आईनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तिकडं पानी पेटतंय आन् इकडं प्यायला न्हाई. देवाचा कारभार बघ."

दादांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "तिथला गाळ कसल्या रंगाचा?"

"पुष्कळसा काळपट. आपल्या काळ्या दगडाचे बारीक कण असतात त्यात. लोहचुंबक लावला तर चिकटतात. गोदावरीनंच नेलेत ते."

"म्हंजी सिंदफनेनं गोदावरीला दिलं, गोदावरीनं तिकडं."

"हो."

त्यांनी ताटातलं कोरड्यास भाकरीनं पुसून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे. जे हितं राह्यलंय ते बघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माजलगावला चाचांकडे गेलो. मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान. सोसायटीच्या पंपांची दुरुस्ती पहिल्यापासून त्यांच्याकडेच. दादांची आणि त्यांची दोस्ती माझ्या जन्माच्या आधीची. मला त्यांनी स्टुलावर बसवलं, थंडा मागवला आणि म्हणाले, "बोल बेटा, काय काम काढलं?"

मी फरशीवर खडूनं काढून दाखवलं. मला धरणाच्या गाळाचा उभा नमुना हवा होता, वरपासून खालपर्यंत, थर न विस्कटता. पाइप ठोकून आत घालता येईल, पण वर ओढताना ओला चिखल निसटून खाली पडतो. जहाजावर त्यासाठी पाइपाच्या आत दट्ट्या असतो. पाइप खाली जाताना तो गाळाच्या माथ्यावर तसाच थांबतो आणि वर येताना गाळाला धरून ठेवतो.

चाचांनी डोळे बारीक केले. "अरे, ये तो हँडपंपाचं वॉशर हाय! पानी वर राहतं, खाली पडत न्हाई, तेच."

"तेच."

"त्याच्यासाठी जहाज कावून लागतं?" ते दादांकडे बघून म्हणाले आणि दोघंही हसले.

दोन दिवसांत त्यांनी तो पाइप करून दिला. बोअरला घालतात तो प्लास्टिकचा केसिंग पाइप, तोंडाशी ग्राइंडरनं धार काढलेला. आत हँडपंपाचं चामड्याचं वॉशर लोखंडी सळीला बसवलेलं. गाळ बाहेर काढणं सोपं जावं म्हणून पाइप उभा चिरून परत जुळवलेला आणि त्यावरून टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून आवळलेल्या. वर ओढायला, विहिरीतून पंप काढताना वापरतात ती लोखंडी तिपाई आणि चैनकुप्पी, म्हणजे साखळीची कप्पी. मी जहाजावरच्या लोकांना नंतर त्याचा फोटो दाखवला, तर एकानं विचारलं होतं की हे कोणत्या कंपनीचं आहे.

गाळावर आम्ही सहाजण होतो. मी, दादा, चाचा, सोसायटीच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि ठोकायला गावातले दोघं. शिवाय काकू. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. डोक्यावरून पदर घेऊन, हातात काठी, त्या रोज सकाळी भेगाळलेल्या तळावरून चालत यायच्या आणि चार हातांवर बसायच्या.

"तुला आमचा चिखल कळतो व्हय बाय?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"बघू या काकू."

पहिला पाइप वर आला. ट्यूबच्या पट्ट्या सोडल्या, वरचा अर्धा भाग उचलला आणि पोत्यावर गाळाचा तो लांब दंडगोल उघडा पडला. मी सुरीनं त्याचा पृष्ठभाग तासला. आतले थर दिसायला लागले तसे सगळे वाकले. एकेका पुराचा एकेक थर होता, खाली भरड, वर बारीक. पूर आला की जड कण आधी बसतात, मग पाणी निवळत जातं तसे हलके. मी बोटानं मोजत दाखवलं तर दादा म्हणाले, "हा जाड थर कोनत्या सालचा आसंल ते मी सांगतो," आणि खरंच सांगत सुटले. त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं, कुणाचा गोठा वाहून गेला होता. त्यांचं बरोबर होतं की नाही ते मला तपासता येत नव्हतं, पण मी वहीत लिहून घेतलं.

मग मी सवयीनं चिमूटभर गाळ तोंडात टाकला.

ठोकणारे दोघं हसायला लागले. ड्रायव्हरनं तोंड फिरवलं. काकू मात्र उठल्या, जवळ आल्या आणि म्हणाल्या, "दे की मला." मी भरड थरातला दिला. त्यांनी चावून बघितला, थुंकल्या आणि पोत्यावर काठी आपटली.

"ह्येच! कचकचतंय बघ. माझ्या रानात ह्येच घातलं मेल्यांनी."

मी त्यांना बारीक थरातला दिला. त्या बराच वेळ जीभ फिरवत राहिल्या. "ह्ये येगळं हाय. ह्ये मऊ लागतंय."

त्या दिवसापासून काकू माझ्या मदतनीस झाल्या. मी वर्णन लिहायची, त्या चव घ्यायच्या. नदीच्या तोंडाशी सगळं कचकचीत, आत आत जाऊ तसं मऊ. यात शास्त्राला नवीन काही नव्हतं, नदी धरणात शिरताना जड माल दारातच टाकते. पण किती आत गेलं की चांगला गाळ सुरू होतो, ती रेघ आम्हाला सापडायला लागली.

चौथ्या दिवशी आम्ही मधल्या ओलसर भागाकडे गेलो. तिथे पाइप खाली जाताना बुडबुडे यायला लागले. मला आनंद झाला, कारण ते मला ओळखीचे होते. मी म्हणाले, "जरा लांब राहा, हा वायू आहे." एवढं म्हणेपर्यंत ड्रायव्हरनं, दम खायचा म्हणून, बिडी पेटवली.

भप्प असा आवाज झाला. उन्हात जाळ फारसा दिसला नाही, फक्त पाइपाच्या तोंडाशी हवा थरथरली, निळसर काहीतरी लवलवलं आणि ड्रायव्हर मागे पडला. त्याच्या भुवया आणि पुढचे केस करपले, बाकी काही झालं नाही. ठोकणारे पळाले. चाचा आधी घाबरले, मग ड्रायव्हरचा चेहरा बघून त्यांना हसू आवरेना. "बे, तू भट्टीत घातल्यासारखा दिसतो!" जाळ दोनतीन श्वास टिकला आणि गेला. पण ठोकणाऱ्यांपैकी एकानं पळता पळता मोबाइलवर त्याचं चित्रण केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात जीप उभी राहिली, मग आणखी दोन. चित्रण साऱ्या तालुक्यात फिरलं होतं. माजलगावच्या धरणात पेट्रोल लागलं. कुणी म्हणे गॅस. कुणी म्हणे सरकारनं मुद्दाम आपली बाई गुपचूप पाठवली. सोसायटीचे चेअरमन नारळ आणि शाल घेऊन आले आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी त्या पाइपाला नारळ फोडला. शाल संध्याकाळच्या मिटिंगीत घालायची ठरली.

मला जे लागलं ते दादांचं वागणं. त्यांनी जन्मात स्वतःबद्दल किंवा आमच्याबद्दल मोठं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या सकाळी मी हॉटेलाकडून जात होते, तर ते बाकड्यावर बसून दहापंधरा माणसांना सांगत होते, "माझ्या लेकीनं शोधलं. समुद्रात बी तेच करती ती." त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की मी आत न जाता परत फिरले.

घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं. "दादा, तो नुसता कुजलेल्या पाल्याचा वायू आहे. कोणत्याही तळ्यात असतो. त्यात काही नाही."

"किती निघंल?"

"काहीच नाही. आपल्या गोबरगॅसमधून याच्यापेक्षा जास्त निघतो."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आज संध्याकाळच्या मिटिंगीत नको सांगू. चार दिवस जाऊ दे."

"का पण?"

"दोन वर्सं झाली, मानसं एकत्र बसली की टँकरचंच बोलत्यात. कालपासून हसाय लागलीत बघ. चार दिवसानं काय बिघडतंय?"

मी ठरवलं की गप्प बसायचं. खरंच ठरवलं होतं.

मिटिंग शाळेच्या ओट्यावर भरली. इतकी माणसं सोसायटीच्या मिटिंगीला कधी आली नसतील. आधी माझं कौतुक झालं. मग एकजण उठून म्हणाला, "आता गाळाचं काम थांबवा. सरकार तळाची जागा ताब्यात घेनार. आपन गाळ उचलला तर उद्या आपल्यावरच येईल." दुसरा म्हणाला, "बरोबर हाय. ट्रॅक्टरवाल्यांना सांगून टाका." माना डोलायला लागल्या. पावसाळ्याला फार दिवस उरले नव्हते. त्या गर्दीत मला काकू दिसल्या. त्या काठीवर हनुवटी टेकून सरळ माझ्याकडे बघत होत्या.

मी उभी राहिले. दादांकडे बघितलं नाही.

"इथे तेल नाही," मी म्हणाले. "गॅसही नाही. मी सांगते कसं ते."

कुजबुज झाली. मी म्हणाले, तेल होण्याचा स्वयंपाक फार लांबचा असतो. आमच्या शास्त्रात जमिनीखालच्या त्या खोल, गरम जागेला स्वयंपाकघरच म्हणतात. समुद्राच्या तळाशी मेलेले बारीक जीव गाळात मिसळतात, त्यावर आणखी गाळ, त्यावर आणखी. इतका, की खालचा थर पृथ्वीच्या उबेपर्यंत पोचतो. मंद आचेवर लाखो, कोटी वर्षं शिजल्यावर त्याचं तेल होतं, वायू होतो. तेवढ्यानं भागत नाही. तेल हलकं, ते वर चढायला लागतं. वाटेत त्याला भोकाभोकांचा वाळूचा दगड लागला पाहिजे, मुरायला. त्या दगडावर चिकणमातीचं घट्ट झाकण पाहिजे. आणि ते झाकण तेल यायच्या आधी बसलेलं पाहिजे. झाकण उशिरा आलं तर सगळं उडून जातं. कुठे भांडं असतं पण आच नाही, कुठे आच होती पण झाकण नाही. म्हणून आम्ही समुद्रात इतके पाइप घालतो आणि पुष्कळदा रिकाम्या हातानं परत येतो.

"आणि आपला गाळ?" मी म्हणाले. "हे धरण भरलं त्याच वर्षी माझा जन्म झाला. म्हणजे सगळ्यात खालचा गाळ माझ्या वयाचा. याला अजून चुलीवर ठेवलेलंसुद्धा नाही."

मागून कुणीतरी हसलं. मग एक म्हातारे शेतकरी उठले आणि त्यांनी खरा प्रश्न विचारला. "पन बाई, काळ्या दगडाच्या खाली काय हाय?"

"तो दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्याच्या खाली फार जुना गाळ असू शकतो. काही ठिकाणी तो शोधतातही. आपल्याखाली आहे का, मला माहीत नाही. कुणालाच नाही. पण काल पेटला तो कुजलेल्या पाल्याचा वायू, तिथला नव्हता, एवढं नक्की."

मग काकू उठल्या. "झालं का? आता गाळ उद्या उचलायचा का परवा, त्येवढं सांगा."

लोक हळूहळू पांगले. चेअरमनसाहेबांच्या हातात शाल तशीच होती. ती परत घरी न्यायची कशी, म्हणून त्यांनी ती चाचांच्या खांद्यावर टाकली आणि फोटोही काढून घेतला. दादा माझ्यासाठी न थांबता पुढे निघून गेले होते.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला काही सांगायचं असेल तर आईला सांगायचे. आई मधे उभी राहून दोघांकडे बघायची आणि म्हणायची, "तिनं ऐकलंय," किंवा "त्यांनी ऐकलंय." मी सकाळी एकटीच गाळावर जायची. काम चालू होतं, पण माझं मन लागत नव्हतं. मी खरं बोलले होते, ते बोलणं भागही होतं. तरी हॉटेलातल्या बाकड्यावरचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दादा आपणहून तळावर आले. आमच्याकडे न बघता ते लांब एका जागी गेले. पाणी हटल्यामुळे जुन्या गावाच्या एका विहिरीचं तोंड उघडं पडलं होतं. तिथून ते पावलं मोजत निघाले, एकदा चुकले, परत विहिरीपाशी गेले, पुन्हा मोजली. मग एके ठिकाणी उभे राहून हाक मारली.

"पाइप हितं घाला."

चाचांनी विचारलं, "हितंच कावून?"

"घाल म्हंतो ना बे."

पाइप आत गेला. वरचे काही फूट सहज, मग जड लागायला लागलं. चाचा म्हणाले खाली कडक लागलंय. दादा म्हणाले आणखी ठोका. चैनकुप्पीनं वर ओढताना तिपाईचा एक पाय गाळात रुतला, तो सावरून पुन्हा ओढलं. पोत्यावर पाइप उघडला.

वर नेहमीचेच थर, पुरामागून पूर. पण तळाशी, शेवटच्या वीतभरात, रंग बदलला होता. पट्टे संपून एकसारखी, खोल काळी, भुसभुशीत माती आली होती. तिच्यात चुनखडीचे पांढरे बारीक खडे. आणि पाइपाच्या अगदी तोंडाशी एक करड्या रंगाचा, बोटभर लांबीचा तुकडा. मला वाटलं मूळ असेल. मी सुरीनं माती बाजूला केली. ज्वारीचं धसकट होतं. कापणीनंतर रानात उभं राहतं ते. गाळाखाली हवा पोचत नाही, त्यामुळे कुजलं नव्हतं.

दादा गुडघ्यांवर बसले. त्यांनी ती माती हातात घेतली आणि चुरली.

"हे आपलं रान," ते म्हणाले. "शेवटची ज्वारी मीच कापली. तू आईच्या पोटात व्हतीस. सगळे म्हनले, पानी यायलंय, आता कशाला कापतो. मी म्हनलं उभं पीक बुडू द्यायचं न्हाई."

चाचांनी तोंड फिरवून उगीच चैनकुप्पी तपासायला घेतली. दादांनी मातीची चिमूट तोंडात टाकली आणि आमच्यासारखीच चावली.

"कचकचत न्हाई," ते म्हणाले.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "चेरमनला लई राग आला का?"

"त्यांची शाल गेली."

ते हसले. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत. चाचाही हसले. मीही हसले आणि मला रडूही येत होतं.

धसकट मी पिशवीत घालून, जागा आणि खोली लिहून ठेवणार होते. ती माझी नोकरीची सवय. दादांनी दिलं नाही. सदऱ्याच्या खिशात घातलं आणि वरून हात ठेवून घरी गेले.

पुढचं काम भराभर झालं. कुठला गाळ उचलायचा आणि कुठला नाही, ते आम्ही तळावर चुन्याच्या फक्कीनं आखून दिलं. सोसायटीनं पाळी लावली, ट्रॅक्टर धावायला लागले. पहिली पाळी काकूंची असावी असं दादांनी सुचवलं आणि कुणी हरकत घेतली नाही. त्यांची पापडी धरलेली दोन एकरं आडवीउभी नांगरली आणि त्यात मधला मऊ गाळ मिसळला. प्रत्येक ट्रॉलीतली चिमूट चावून बघितल्याशिवाय काकूंनी माल खाली करू दिला नाही. मी निम्मं काम होईपर्यंत थांबले आणि मग परत समुद्रावर गेले.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. माझं सगळंच बरोबर आलं असं नाही. चेअरमनसाहेबांचं एक रान आधीच भारी होतं, त्यात मी चिकण गाळ टाकायला सांगायला नको होता. तिथे पाणी साचलं आणि कापूस पिवळा पडला. ते अजून मला भेटले की चारचौघांत ते सांगतात, पण चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. चाचांना शेजारच्या दोन गावांनी पाइपासकट बोलावून नेलं. तिथे ते बिडीवाल्यांना आधी हाकलतात म्हणे.

काकूंच्या रानात तूर कमरेच्या वर गेली. पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा त्यांनी मला डाळीची पिशवी दिली, स्वतः जात्यावर भरडलेली. मी ती जहाजावर नेली. आमचा स्वयंपाकी केरळचा. त्याला मी वरण कसं करायचं ते समजावून सांगितलं, तरी त्यानं त्यात नारळाचं दूध आणि कढीपत्ता घातला. तरी आम्ही सगळ्यांनी पातेलं पुसून खाल्लं.

बंदरावर आल्यावर मी फोन केला. दादांनी फोन काकूंकडे नेऊन दिला.

"कशी लागली ग बाय?"

"फार छान, काकू."

"शिजली का लवकर?"

"लगेच शिजली."

"शिजनारच. कचकचीत मातीतली न्हाई ती," त्या म्हणाल्या. नारळाचं मी त्यांना काही सांगितलं नाही.